कातडी कमावण्याचा उद्योग आणि ‘क्लस्टर’ संकल्पना : एक चिकित्सा

प्रास्ताविक

‘क्लस्टर’ हा शब्द आपल्याकडील अर्थविषयक लेखनात इतका रुळला आहे की, त्याला मराठी पर्याय शोधण्याची निकड आता फारशी कोणाला भासत नाही. ‘औद्योगिक समूह’, ‘समूह विकास’ असे शब्द शासकीय परिपत्रकांतून येतात. परंतु जिल्हा उद्योग केंद्रापासून वर्गातील फळ्यापर्यंत वावर आहे तो ‘क्लस्टर’चाच. या शब्दाला आपल्या शासनव्यवहारात दोन स्वतंत्र आयुष्ये लाभली आहेत, ही गोष्ट मात्र सहसा नजरेस येत नाही. उद्योग आणि वाणिज्य खात्यांच्या कागदपत्रांत क्लस्टर म्हणजे विकासाचे आश्वासन. केंद्र शासनाने जानेवारी २०२२ मध्ये मंजूर केलेल्या भारतीय पादत्राणे व चर्म विकास कार्यक्रमासाठी मार्च २०२६ पर्यंत १,७०० कोटी रुपयांची तरतूद होती आणि मोठ्या चर्म-पादत्राणे क्लस्टरची उभारणी हा त्यातील एक घटक होता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कागदपत्रांत हाच शब्द धोक्याची खूण म्हणून येतो. मंडळाने २००९ मध्ये देशातील ८८ ‘औद्योगिक क्लस्टर’चा सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांक काढला. ज्यांचा निर्देशांक ७० वा त्याहून अधिक आला, अशी ४३ क्षेत्रे ‘अतिप्रदूषित’ ठरली. त्यात महाराष्ट्रातील चंद्रपूर, डोंबिवली, नवी मुंबई व तारापूर यांच्या पंक्तीला ७७.४४ गुणांसह औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, बसले होते.

एकाच शब्दाची ही दोन आयुष्ये एकमेकांना भेटतात कोठे? ती भेटतात सांडपाण्यापाशी. उद्योगांच्या एकत्र येण्यामुळे जे उत्पादन वाढते त्याचा अभ्यास एका शाखेने करायचा आणि त्याच एकत्र येण्यामुळे जे उच्छिष्ट साचते त्याचा अभ्यास दुसऱ्या शाखेने करायचा, अशी विभागणी विद्याक्षेत्रातही झालेली आहे. या दोहोंना जोडण्याचा गंभीर प्रयत्न १९९० च्या दशकाअखेरीस कातडी कमावण्याच्या उद्योगाच्या निमित्ताने झाला. प्रस्तुत लेखात त्या प्रयत्नाची, विशेषतः लोरेन केनेडी यांच्या १९९९ मधील पालार खोऱ्याविषयीच्या लेखाची, चिकित्सा करावयाची आहे. सामूहिक कृतीमुळे उद्योग तगतो, हे केनेडी यांचे प्रतिपादन या लेखास मान्य आहे. त्या कृतीमुळे उच्छिष्टाचा प्रश्न सुटतो, असा जो अर्थ त्यातून पुढे काढला गेला, तो मात्र तपासून पाहिला पाहिजे.

संकल्पनेची पार्श्वभूमी

एकाच व्यवसायातील लहान उत्पादक एका ठिकाणी गोळा झाले म्हणजे त्यांना एकट्याला न मिळणारे लाभ मिळतात, हा विचार आल्फ्रेड मार्शल यांच्या १८९० मधील ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’ या ग्रंथापासून परिचित आहे. कुशल मजूर जवळ मिळतात, पूरक धंदे आसपास उभे राहतात, कसबाचे ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे सहज जाते. आपण वर्गात ‘बाह्य बचती’ या मथळ्याखाली हेच शिकवतो. ससेक्स येथील विकास अध्ययन संस्थेतील ह्युबर्ट श्मिट्झ यांनी १९९५ मध्ये त्यात महत्त्वाची भर घातली. केवळ शेजार पुरेसा नसून उत्पादकांनी जाणीवपूर्वक केलेली संयुक्त कृतीही आवश्यक असते, असे सांगून त्यांनी या दोहोंच्या बेरजेस ‘सामूहिक कार्यक्षमता’ असे नाव दिले. आबिद हुसेन समितीने १९९७ मध्ये लघुउद्योगांसाठी समूहाधारित दृष्टिकोनाची शिफारस केल्यानंतर हा विचार भारतीय धोरणातही स्थिरावला.

मार्शल यांच्यापासून चालत आलेल्या या परंपरेत बाह्य बचतींचा हिशेब जितका बारकाईने झाला, तितका बाह्य अबचतींचा झाला नाही. पाठ्यपुस्तकांतही कारखान्याच्या धुराचे एखादे उदाहरण देऊन ‘अबचती’ दोन परिच्छेदांत संपतात. ज्या उद्योगात अबचत हीच मुख्य गोष्ट आहे, त्या उद्योगाला ही संकल्पना लावून पाहिली म्हणजे तिची ताकद आणि मर्यादा दोन्ही उघड होतात. कातडी कमावणे हा तसा उद्योग आहे.

प्रक्रिया आणि उच्छिष्ट

जनावराचे कातडे सोलल्यानंतर काही तासांतच कुजू लागते. ते टिकावे म्हणून त्याच्या वजनाच्या साधारण ३० ते ४० टक्के मीठ त्यास चोळले जाते. कारखान्यात आल्यावर ते पाण्यात भिजवून हे मीठ धुऊन काढतात. त्यानंतर चुना व सोडियम सल्फाइड यांच्या साहाय्याने केस काढले जातात, आतील बाजूचा मांसाचा थर खरवडला जातो आणि मग प्रत्यक्ष कमावण्याची क्रिया होते. आज बहुतांश कातडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावले जाते. प्रचलित पद्धतीत वापरलेल्या क्रोमपैकी सुमारे ६० ते ७० टक्केच कातड्यात मुरतो. उरलेला पाण्याबरोबर बाहेर पडतो. एक किलो कच्च्या कातड्यामागे एकंदर ३० ते ४० लिटर पाणी लागते, आणि एक टन कच्च्या कातड्यातून हाती येणारे तयार चामडे जेमतेम २०० ते २५० किलो भरते. उरलेले सारे कोठे तरी जावेच लागते.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून दिवसाला दहा टन कातडे कमावणारे एक काल्पनिक संकुल घेऊ. तेथे दररोज तीन ते चार टन मीठ कातड्यासोबत आत येईल आणि जवळजवळ तितकेच पाण्यातून बाहेर जाईल. दररोज तीन ते चार लाख लिटर पाणी लागेल. शहरी पाणीपुरवठ्याचे दरडोई १३५ लिटरचे प्रमाण धरले, तर ही गरज सव्वादोन ते तीन हजार माणसांच्या रोजच्या पाण्याइतकी होते.

मीठ, क्रोम, सेंद्रिय घाण आणि घन अवशेष या चार गोष्टींचे स्वभाव भिन्न आहेत. सेंद्रिय घाण जिवाणूंच्या साहाय्याने नष्ट करता येते. क्रोम साक्याच्या रूपाने वेगळा काढता येतो व काही अंशी पुन्हा वापरता येतो. घन अवशेषांपैकी काहींपासून सरस व खत होते. मिठाचे मात्र नेहमीच्या प्रक्रियेत काहीच होत नाही. ते पाण्यात विरघळलेले येते आणि विरघळलेलेच जाते. पुढील विवेचनात हा मुद्दा निर्णायक ठरणार आहे.

पालार खोरे : केनेडी यांची मांडणी

तामिळनाडूतील पालार नदीच्या खोऱ्यात वाणियंबाडी, आंबूर, राणीपेट या परिसरात शेकडो टॅनरी एकवटल्या आहेत. कच्च्या कातड्याऐवजी तयार चामडे निर्यात करावे या धोरणामुळे १९७३ नंतर कच्च्या कातड्याची निर्यात थांबली, क्रोमने कमावण्याचा वेग वाढला आणि त्याबरोबर प्रदूषणही. वेल्लोर सिटिझन्स वेल्फेअर फोरमच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९९६ रोजी दिलेल्या निकालात या हानीचे चित्र आले आहे. सुमारे ३५,००० हेक्टर शेतजमीन अंशतः वा पूर्णतः नापीक झाल्याचे तसेच दिंडिगल परिसरातील १३ गावांत ४६७ पैकी ३५० विहिरी दूषित झाल्याचे आढळ न्यायालयासमोर होते. याच निकालाने ‘सावधगिरीचे तत्त्व’ आणि ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचे स्पष्ट केले आणि प्रत्येक टॅनरीवर दहा हजार रुपयांचा दंड बसविला.

न्यायालयाच्या दडपणाखाली लहान टॅनरीमालकांपुढे दोनच वाटा होत्या : बंद पडणे किंवा एकत्र येऊन सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभारणे. त्यांनी दुसरी वाट धरली. या प्रक्रियेचा अभ्यास केनेडी यांनी ‘वर्ल्ड डेव्हलपमेंट’ या नियतकालिकाच्या १९९९ मधील क्लस्टरविषयक विशेषांकात मांडला. ज्या लहान कारखान्यांना स्वतंत्र केंद्र परवडले नसते, ते संयुक्त कृतीमुळे टिकले; बाहेरचे दडपण आणि अंगची सामाजिक एकजूट या दोहोंच्या योगाने सहकार्य शक्य झाले, हा त्या मांडणीचा गाभा होय.

या मांडणीचे श्रेय कमी लेखण्याचे कारण नाही. कानपूरच्या टॅनरींविषयी १९८७ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने अशी भूमिका घेतली होती की, जो कारखाना किमान वेतन देऊ शकत नाही त्यास जसे चालू राहता येत नाही, तसेच जी टॅनरी प्राथमिक शुद्धीकरण संयंत्र उभारू शकत नाही तिलाही चालू राहता येणार नाही. तत्त्व म्हणून ही भूमिका निर्विवाद आहे. परंतु तिच्या काटेकोर अंमलबजावणीत मोठे कारखाने तगतात आणि लहान बुडतात. सामूहिक केंद्राने या पेचातून मार्ग दाखविला. पर्यावरण आणि लघुउद्योग ही परस्परविरोधी पक्षांची नावे असलीच पाहिजेत असे नाही, हे केनेडी यांच्यामुळे प्रथमच सविस्तरपणे अभ्यासविषय झाले.

मांडणीची मर्यादा

तथापि, त्या लेखाचे शीर्षकच विचारात घेण्याजोगे आहे. त्याचा आशय ‘तगून राहण्यासाठी सहकार्य’ असा होतो. तगून राहायचे आहे ते कोणाला? लेखातील उत्तर उघड आहे : कारखान्यांना. यशाची कसोटी कारखाने टिकले की नाही ही ठरल्यावर विहीर टिकली की नाही हा प्रश्न आपोआपच अभ्यासाच्या कक्षेबाहेर जातो. ही एका लेखिकेची चूक म्हणता येणार नाही. ‘सामूहिक कार्यक्षमता’ या संकल्पनेतील ‘समूह’ या शब्दाची व्याप्तीच उत्पादकांपुरती आहे. सांडपाणी ज्याच्या शेतात उतरते तो शेतकरी समूहात नाही. टाकीत उतरणारा मजूरही नाही.

सामूहिक केंद्रांनी सेंद्रिय घाण आणि क्रोम यांच्या बाबतीत सुधारणा केली. पण मीठ जसेच्या तसे पुढे गेले. विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला २,१०० मिलिग्रॅम असताना नेहमीच्या जैविक प्रक्रियेने ती गाठणे शक्य नव्हते. त्यामुळे पुढील काळात पाणी गाळून पुन्हा वापरण्याची आणि एकही थेंब बाहेर न सोडण्याची खर्चिक यंत्रणा आणावी लागली. तीतून पाणी परत मिळते. मीठ मात्र सुक्या, मिश्र स्वरूपात शिल्लक राहते. त्यास गिऱ्हाईक नसल्याने ते साठवून ठेवावे लागते. प्रदूषण पाण्यातून निघाले व गोदामात गेले. यास ‘माध्यमांतर’ म्हणता येईल.

दुसरा प्रकार स्थलांतराचा. सर्वोच्च न्यायालयाने १९ डिसेंबर १९९६ रोजी कोलकात्याच्या टांगरा, तिलजला, टोपसिया भागांतील सुमारे ५५० टॅनरी शहराबाहेर हलविण्याचा आदेश दिला आणि बांतला येथे नवे चर्मसंकुल उभे राहिले. शहराच्या दृष्टीने प्रश्न सुटला. बांतलाच्या दृष्टीने तो सुरू झाला.

तिसरा प्रकार सर्वांत गंभीर आहे. ३१ जानेवारी २०१५ रोजी राणीपेट येथील सामूहिक प्रक्रिया केंद्राच्या गाळाच्या टाकीची भिंत कोसळली आणि लगतच्या टॅनरीत झोपलेले दहा कामगार गाळाखाली सापडून मरण पावले. त्यांतील बहुतेक पश्चिम बंगालहून पोटासाठी आलेले होते. ज्या वास्तूकडे सामूहिक कृतीचे प्रतीक म्हणून पाहिले गेले, तिच्यातच उच्छिष्टाचा भार अखेर कोणावर येऊन पडतो हे दिसले.

वेल्लोर प्रकरणाची कालरेषा पाहिली तरी हेच आढळते. निकालानुसार नेमलेल्या प्राधिकरणाने २००१ मध्ये २९ हजारांहून अधिक बाधित ठरविले. त्यानंतर ३० जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला याच परिसराविषयी पुन्हा निकाल द्यावा लागला. भरपाई द्यावी, निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी आणि न्यायालय अंमलबजावणीवर लक्ष ठेवून राहील, असे आदेश पहिल्या निकालानंतर २८ वर्षांनी निघाले. जे प्रकरण सामूहिक कृतीच्या यशाचा दाखला म्हणून अभ्यासले गेले, ते न्यायालयाच्या दृष्टीने अद्याप मिटलेले नाही. तीन वर्षांच्या अंतराने केलेला अभ्यास आणि तीन दशकांनंतरची पाहणी यांत हा फरक पडतो. भूजल हे सावकाश बिघडते आणि त्याहून सावकाश सुधारते. क्लस्टरचे मूल्यमापन करणाऱ्या अभ्यासकाला ही गती पाळावी लागेल.

एक तुलना : खरेदीदाराचा पाय आणि शेतकऱ्याची विहीर

भारतीय चर्मोद्योग पर्यावरणीय निर्बंध पाळूच शकत नाही, असा निष्कर्ष यातून कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. मीनू तिवारी व पूनम पिल्लई यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याच उद्योगाची वेगळी बाजू आली आहे. कातडे बुरशीपासून वाचविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पेंटाक्लोरोफेनॉलवर आणि पुढे काही ॲझो रंगांवर जर्मनीने बंदी घातली. त्यानंतर भारतात राज्यसंस्था, चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था आणि निर्यातदार यांनी मिळून पर्यायी रसायने रुळविली व अल्पावधीत निर्बंध पाळले गेले.

मग जो उद्योग काही वर्षांत रसायन बदलतो, त्यालाच तीन दशकांत मिठाचा बंदोबस्त का करता येऊ नये? तांत्रिक कारणे आहेतच. मिठाला तितका स्वस्त पर्याय नाही. परंतु कारण केवळ तांत्रिक नाही. बंदी घातलेले रसायन तयार बुटात उरते आणि युरोपातील खरेदीदाराच्या पायाला लागते. मीठ वस्तूत उरत नाही. ते गावातील विहिरीत उरते. वस्तूबरोबर जे प्रवास करते त्यावर बाजार नियंत्रण ठेवतो आणि मागे जे राहते त्यावर ठेवत नाही. म्हणजे संयुक्त कृतीची क्षमता उद्योगात होती. ती कोणासाठी वापरायची हे मात्र बाहेरच्या सत्तेने ठरविले. ‘सामूहिक कार्यक्षमता’ या संकल्पनेत सत्तेचा हा विचार अपुरा राहिला आहे.

महाराष्ट्रातील जुना समूह

मराठी वाचकाला या ठिकाणी आणखी एक प्रश्न पडावयास हवा. एका धंद्याची माणसे एका ठिकाणी, गावाबाहेर, ओढ्याकाठी एकत्र राहतात ही गोष्ट आपल्याला मार्शल यांच्याकडून समजण्याची गरज होती काय? चांभारवाडा आणि ढोरवाडा ही आपल्या गावरचनेची परिचित अंगे होती. महाराष्ट्रात कातडी कमावण्याचे काम परंपरेने ढोर अथवा कक्कय्या समाजाकडे आणि पादत्राणे करण्याचे काम चर्मकार समाजाकडे होते. येथे शेजार होता, कसबाचे पिढीजात संक्रमण होते, श्रमविभागणी होती. मार्शल यांची लक्षणे जवळपास सर्व होती. नव्हते ते एकच : तेथे राहावे की नाही हे ठरविण्याचे स्वातंत्र्य. कचरा गावाबाहेर आणि कचरा हाताळणारा माणूसही गावाबाहेर, अशी ती व्यवस्था होती. पीटर नोरिंगा यांनी १९९६ मध्ये आग्र्याच्या पादत्राणे उद्योगाचा अभ्यास करताना कारागीर व व्यापारी यांच्यातील सामाजिक अंतर सहकार्याच्या आड येते हे दाखविले. परंतु क्लस्टरविषयक बहुतांश साहित्यात जात ही ‘सामाजिक भांडवल’ या गोड नावाखाली लाभाच्या रकान्यात जाऊन बसते.

या रकान्याविषयीचा मूलभूत आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतलेला आहे. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूर येथील भाषणात त्यांनी एक जुना वाद सांगितला आहे. महारांनी मेलेली ढोरे ओढण्याचे सोडावे असे ते सांगत असताना, कातडे, शिंगे, हाडे यांपासून वर्षाकाठी पाचशे रुपयांचे उत्पन्न होते व ते आंबेडकर बुडवीत आहेत, असा हिशेब ‘केसरी’तून मांडला गेला होता. त्यावर आंबेडकरांचे उत्तर असे की, हा धंदा इतका फायद्याचा असेल तर हिशेब मांडणाऱ्यांनीच तो करावा, उत्पन्न घ्यावे, आणि वर आपण पदरचे पैसेही देऊ. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर हिशेबात आवक धरली होती आणि ती मिळविण्यासाठी द्यावी लागणारी किंमत, म्हणजे माणुसकीची हानी, धरली नव्हती. बाह्य अबचतीची याहून नेमकी मांडणी मराठीत क्वचितच झाली असेल. ज्या शहरात आंबेडकरांनी १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय उभे केले, तेथील अभ्यासकांनी क्लस्टरच्या ताळेबंदाकडे याच दृष्टीने पाहणे स्वाभाविक ठरेल.

गांधीजींनी याच धंद्याकडे वेगळ्या बाजूने पाहिले. १९३४ मध्ये ‘हरिजन’ पत्रात ग्रामीण चर्मोद्योगावर लिहून त्यांनी या कामास प्रतिष्ठा व शास्त्र यांची जोड देण्याचा आग्रह धरला. वर्ध्याजवळ नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालविले. धंदा सोडून मुक्ती की धंदा सुधारून मुक्ती, हा वाद येथे सोडवावयाचा नाही. दोघांनीही कातड्याचा विचार करताना माणसाला हिशेबात धरले, एवढे नोंदविणे पुरे.

कोल्हापूरचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. तेथील पारंपरिक पद्धतीत कातड्याची पिशवी शिवून तीत बाभळीची साल व हिरडा यांचा अर्क भरतात आणि ती टांगून ठेवतात. अर्क झिरपत जातो तसतसे कातडे कमावले जाते. यात क्रोम नाही. मात्र ही पद्धत निर्दोष आहे, असे मानण्याचेही कारण नाही. वनस्पतिजन्य अर्काचे सांडपाणीही सेंद्रिय भाराने जड असते व त्यावर प्रक्रिया लागतेच. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक निर्देशांक मिळाला. जून २०२५ मध्ये मिलान येथील प्राडाच्या प्रदर्शनात तशाच चपला दिसल्या, तेव्हा श्रेयावरून मोठा गदारोळ झाला. तो रास्तच होता. परंतु त्या चर्चेत चप्पल शिवणारे हात जितके आले तितके कातडे कमावणारे हात आले नाहीत. नाव चपलेचे होते, वास कमावणाऱ्याच्या वाट्याला राहतो. क्लस्टरच्या आतही असा एक उतार असतो आणि ओले, दुर्गंधीचे काम नेहमी उताराच्या तळाशी असते.

मुंबईत हा उतार भूगोलात उतरला. वांद्र्याचा कत्तलखाना १९७१ मध्ये देवनारला गेला. पुढे धारावीतील कातडी कमावण्याचे कामही बव्हंशी थांबले. आज धारावीत पिशव्या, पट्टे, पाकिटे होतात. त्यांचे चामडे चेन्नई, कानपूर, कोलकाता येथून येते. २०१५ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण सुधारणा कायद्याने बैल व वळू यांच्या हत्येवर बंदी आल्यानंतर राज्यातील गोवंशाच्या कातड्याची आवकही आटली. परिणामी धारावीचे चर्मवस्तू क्लस्टर आज पुष्कळच स्वच्छ दिसते. पण त्याच्या वाट्याचे मीठ पालारच्या खोऱ्यात आणि गंगेच्या काठी राहिलेले आहे. क्लस्टरची सीमा नकाशावर आखली की त्याचे उच्छिष्ट नकाशाबाहेर टाकता येते.

आपल्या शहराचा संबंध

छत्रपती संभाजीनगरला कातडी कमावण्याचे संघटित संकुल नाही. तरीही हा प्रश्न येथील अभ्यासकांच्या जवळचा आहे. वाळूज औद्योगिक क्षेत्रात सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, म्हणजे पालार खोऱ्यात जे प्रतिमान राबविले गेले तेच येथे अन्य उद्योगांसाठी उभे आहे. खाम नदी शहरातून निघून वाळूजजवळून नाथसागराकडे जाते आणि शहराचे पिण्याचे पाणी नाथसागरातूनच येते. पालारचा शेतकरी आणि टॅनरीमालक हे दोन वेगळे इसम होते; येथे सांडपाणी सोडणारे शहर आणि पाणी पिणारे शहर एकच आहे. त्यामुळे ‘समूह’ या शब्दाची व्याप्ती उत्पादकांपुरती ठेवणे येथे परवडणारे नाही.

दुसरे असे की, राज्यात चर्म-पादत्राणे क्लस्टरचा विचार पुन्हा पुढे आला आहे. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात रातवड येथे मोठे संकुल उभारण्याची शासनाची योजना आहे. १९७४ पासून कार्यरत असलेल्या संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळामुळे चर्मकार समाजाच्या आर्थिक उन्नतीचे उद्दिष्टही अशा योजनांशी जोडले जाते. रोजगार हवा आहे, यात दुमत नाही. पण संकुलात फक्त शिवणकाम होणार की कमावण्याचे ओले कामही होणार, हा पहिला प्रश्न आहे. फक्त शिवणकाम असेल तर ओले काम कोणत्या नदीकाठी होईल याची नोंद ताळेबंदात हवी. तुटीच्या पाण्याच्या मराठवाड्यात असा प्रस्ताव कधी आलाच, तर वर दिलेला तीन-चार लाख लिटरचा हिशेब प्रकल्प अहवालाच्या पहिल्या पानावर असला पाहिजे.

निष्कर्ष

सामूहिक कार्यक्षमतेची संकल्पना टाकून द्यावी असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे नाही. लहान उत्पादकाला एकत्र येण्यावाचून गत्यंतर नाही आणि सामूहिक केंद्रावाचून एकत्र येण्यास अर्थ नाही. सुधारणा हवी आहे ती मूल्यमापनाच्या कसोट्यांत. कारखाने किती टिकले आणि निर्यात किती वाढली या दोन कसोट्यांवर कातडी कमावणारे कोणतेही क्लस्टर यशस्वी ठरविता येईल. म्हणून त्यांना पुढील कसोट्यांची जोड द्यावी, असे सुचवावेसे वाटते.

पहिली, वस्तुमानाचा ताळेबंद : दारातून किती मीठ व क्रोम आत आले आणि ते वस्तूत, पाण्यात, गाळात व गोदामात कसे विभागले गेले, हे दरवर्षी जाहीर व्हावे. दुसरी, स्थळाचा ताळेबंद : जे काम संकुलाबाहेर पाठविले जाते त्याचे उच्छिष्टही संकुलाच्या नावे मांडावे. तिसरी, माणसांचा ताळेबंद : गाळ, टाकी आणि ओले काम यांवर कोण आहे, तो कोठून आला, त्याची सुरक्षितता काय आणि संकुलाच्या मालकीत त्याचा वा त्याच्या समाजाचा वाटा किती, हे नोंदले जावे. चौथी, काळाची कसोटी : भूजलाची पाहणी केंद्र सुरू झाल्यावर लगेच करून न थांबता किमान पंचवीस वर्षे सलग करावी आणि ती करण्याचा खर्च प्रकल्पाच्या भांडवली खर्चातच धरावा.

यांपैकी चौथ्या कसोटीत महाविद्यालयांना थेट वाटा उचलता येईल. रसायनशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र व समाजशास्त्र हे विभाग एका छपराखाली असतात. विहिरींचे नमुने घेणारे विद्यार्थी दरवर्षी नव्याने येत राहतात. आणि औद्योगिक वसाहतीलगतच्या गावांतूनच त्यांतील अनेकजण येतात. वाळूज परिसरातील ठरावीक विहिरींच्या पाण्यातील विरघळलेल्या क्षारांची दर उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर नोंद ठेवण्यास फार मोठ्या अनुदानाची आवश्यकता नाही. पालार खोऱ्यात अशी सलग, स्वतंत्र आणि स्थानिक नोंद पहिल्यापासून असती, तर तेथील यशापयशाचा निवाडा करण्यास २०२५ साल उजाडावे लागले नसते.